न बदलणारे आधी निवडा

लॅपटॉपच्या दुकानात प्रत्येक यंत्रापुढे एक पाटी असते: 'आय५, १६ जीबी, ५१२ जीबी एसएसडी, १५.६ इंच'. ऑनलाइन विक्रीतही हेच चार आकडे ठळक असतात. घेणारा ते चार आकडे आणि किंमत शेजारी शेजारी ठेवतो आणि ठरवतो. मला ही पद्धत अपुरी वाटते. या चारांपैकी साठवण जवळपास नेहमी वाढवता येते, पुष्कळ मॉडेलांत रॅमही वाढवता येते. पडदा किती उजळ आहे, कीबोर्ड कसा आहे, बिजागरी किती मजबूत आहे, 'आय५' नेमका कोणत्या पिढीचा आहे, हे मात्र पाटीवर नसते किंवा अर्धवट असते, आणि या गोष्टी एकदा घेतल्या की पुढची पाच-सहा वर्षे त्यांच्यासोबतच काढावी लागतात. म्हणून पैसा आधी न बदलणाऱ्या गोष्टींवर घालावा. बदलता येण्याजोगे भाग सवडीने सुधारता येतात.

आधी काम ठरवू. येथे मी शिक्षक, वकील, हिशेबनीस, अनुवादक, छोटा व्यावसायिक, कॉलेजचा विद्यार्थी यांचा विचार करतो आहे. ब्राउझरमध्ये दहा-पंधरा टॅब, एक्सेल, टॅली, पीडीएफ, अधूनमधून ऑनलाइन बैठक आणि रात्री घरच्यांनी मिळून पाहिलेला सिनेमा. या कामांना वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. 'गेमिंगचा घे, सगळेच चालेल' असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकला तर दोन-अडीच किलोचे ओझे, जाडजूड चार्जर, पंख्याचा आवाज आणि लवकर संपणारी बॅटरी हे सगळे कधीच न वापरलेल्या ताकदीसाठी सोसावे लागते. व्हिडिओ संपादन, थ्रीडी किंवा मोठे ऑटोकॅड आराखडे करणाऱ्यांचा हिशेब निराळा आहे, तो या लेखात घेत नाही.

पडद्यापासून सुरुवात करतो, कारण दिवसाचे सहा-आठ तास डोळे तिथेच असतात. जुन्या स्वस्त पडद्यावर १३६६ गुणिले ७६८, म्हणजे सुमारे साडेदहा लाख बिंदू असतात. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे साधारण वीस लाख सत्तर हजार. हा दुपटीचा फरक इंग्रजीत काम करणाऱ्याला जेवढा जाणवतो त्याहून जास्त मराठीत लिहिणाऱ्याला जाणवतो. रोमन अक्षर बहुतांशी एका ओळीच्या पट्ट्यात बसते. आपल्या लिपीत वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय, असा मजकूर तीन मजल्यांवर पसरतो. 'सर्वांनी' या शब्दात एकाच अक्षराच्या डोक्यावर रफार आणि अनुस्वार दोन्ही बसतात. बिंदू कमी असले की ते एकमेकांत मिसळतात आणि मुद्रितशोधन करणाऱ्याला अक्षर मोठे करून पाहावे लागते. मराठीत वाचन-लेखन करणाऱ्याने फुल एचडीच्या खाली जाऊ नये, मग बाकी काहीही सोडावे लागले तरी चालेल.

बिंदूंइतकाच महत्त्वाचा उजेड. तो निट्स या एककात मोजतात. बजेटमधल्या बहुतेक लॅपटॉपना २५० निट्सचा पडदा असतो. ट्यूबलाइटच्या खोलीत तो पुरतो, पण खिडकीशेजारी, वर्गात किंवा एसटीत बसल्यावर त्यावर काही धड दिसत नाही. ३०० निट्स बरा, ४०० असेल तर उत्तमच. त्यापुढे रंग. माहितीपत्रकात बारीक अक्षरांत '४५ टक्के एनटीएससी' असे लिहिलेले असेल तर तो पडदा रंगांना फिकट समजावा. लाल तपकिरी दिसतो, माणसांचे चेहरे निस्तेज वाटतात. पत्रव्यवहाराला आणि हिशेबाला हे चालून जाईल. पण मासिकाचे मुखपृष्ठ, साड्यांचे फोटो किंवा लग्नाचा अल्बम पाहणाऱ्याने '१०० टक्के एसआरजीबी' हे शब्द शोधावेत. पडद्याचा प्रकार आयपीएस असावा. जुन्या टीएन पडद्याकडे जरा वरून किंवा खालून पाहिले की रंग उलटेपालटे होतात, शेजारी बसलेल्या विद्यार्थ्यालाही रंग फिके दिसतात. चकाकत्या काचेपेक्षा मॅट पडदा आपल्या भरपूर प्रकाशाच्या घरांना मानवतो. आणि सोळास दहा या प्रमाणाचा पडदा मिळत असेल तर तो घ्यावा. उंची वाढल्यामुळे कागदपत्राच्या चार ओळी जास्त दिसतात.

हे सगळे दुकानात पाच मिनिटांत पाहता येते. यंत्रावर एखादे मराठी वर्तमानपत्र उघडायला सांगा, उजेड पूर्ण वाढवा, बारीक अक्षरे वाचा, मग बाजूने आणि वरून पाहा. दुकानदार डेमोसाठी जो रंगीबेरंगी व्हिडिओ लावून ठेवतो त्याकडे लक्ष देऊ नका. कोणत्याही पडद्यावर तो चांगलाच दिसेल अशा बेताने निवडलेला असतो.

कीबोर्डही तसाच हात लावून पाहायचा. कळ दीड मिलिमीटर किंवा त्याहून थोडी जास्त खाली जात असेल तर बोटांना कळ दाबल्याची नीट जाणीव होते. एक मिलिमीटरच्या आसपास असेल तर मोठा मजकूर लिहिताना बोटे थकतात. कळफलकाच्या मधोमध जरा दाबून पाहा. पृष्ठभाग वाकला तर आतली चौकट कमकुवत आहे. दिवसभर आकडे भरणाऱ्याला उजवीकडची अंकांची वेगळी पट्टी हवीच, ती सहसा १५.६ इंचांच्या यंत्रांत मिळते. इतरांना १४ इंच सोयीचे, कारण ते वजनाला हलके असते आणि टाइप करताना हात पडद्याच्या मधोमध राहतात. मराठी टंकलेखनासाठी मराठी अक्षरे छापलेला कीबोर्ड लागत नाही. इनस्क्रिप्ट विंडोजमध्ये पूर्वीपासून आहे, आणि रोमन अक्षरांवरून मराठी उमटवणारा फोनेटिक कीबोर्ड २०१९ मध्ये विंडोज १० मध्येच समाविष्ट झाला. वेगळे सॉफ्टवेअर विकत घेण्याची गरज नाही.

आता प्रोसेसर. येथे घेणाऱ्याची सगळ्यात मोठी फसगत होते. 'आय५' हे एका चिपचे नाव नाही, ते एका श्रेणीचे नाव आहे, आणि ती श्रेणी दरवर्षी नव्याने भरली गेली. आय५-७३००यू मध्ये दोन कोअर होते. आय५-८२५०यू मध्ये चार. आय५-१२३५यू मध्ये दहा, त्यांपैकी दोन मोठे आणि आठ लहान. तिन्ही लॅपटॉपच्या पाटीवर फक्त 'आय५' असू शकते. म्हणून आडव्या रेघेनंतरचा आकडा वाचावा. ८२५० म्हणजे आठवी पिढी, १२३५ म्हणजे बारावी. शेवटच्या अक्षरालाही अर्थ आहे: 'यू' म्हणजे कमी वीज खाणारा, 'एच' म्हणजे जास्त वीज घेऊन जास्त काम करणारा आणि जास्त तापणारा. आपल्या कामाला 'यू' पुरेसा आहे. शिवाय बाराव्या पिढीचा आय३-१२१५यू हा आठव्या पिढीच्या आय५ पेक्षा बराच पुढे आहे. 'आय३ म्हणजे कमी दर्जाचा' हा समज सोडून दिला तर नव्या यंत्रात काही हजार वाचतात आणि ते चांगल्या पडद्यावर घालता येतात.

एएमडीच्या रायझनमध्ये गुंतागुंत वेगळी आहे. ७००० या मालिकेत तिसरा अंक आतली रचना किती जुनी ते सांगतो. रायझन ५ ७५२०यू मधला '२' म्हणजे २०१९ साली आलेली झेन २ रचना. ७५३०यू मध्ये झेन ३, ७६४०यू मध्ये झेन ४. पहिला अंक सगळीकडे सातच, त्यामुळे नवेपण सारखे वाटते. ७५२०यू साध्या कामाला वाईट नाही, पण त्याच्यासोबतची रॅम बोर्डावर कायमची जोडलेली असते. ८ जीबी घेतली तर शेवटपर्यंत ८ जीबीच राहते. इंटेलनेही २०२३ च्या अखेरीस 'आय' हे अक्षर सोडून 'कोअर अल्ट्रा' आणि नुसते 'कोअर' अशी नावे सुरू केली. 'कोअर ५ १२०यू' हा नावाने नवा वाटला तरी रचनेने आधीच्या तेराव्या पिढीचाच आहे. जुनी रचना म्हणजे टाकाऊ असे मुळीच नाही, फक्त नव्याच्या किमतीत ती घेऊ नये.

सगळ्यात स्वस्त नव्या लॅपटॉपांत सेलेरॉन किंवा एन मालिकेच्या चिप असतात. दोन कोअरच्या सेलेरॉन एन४०२० पासून दूरच राहावे. एन१०० त्यापेक्षा खूप बरा, साधारण आठव्या पिढीच्या आय५ च्या जवळ जाणारा. पण तो ज्या यंत्रांत बसवलेला असतो त्यांचा पडदा, कळफलक आणि साठवण बहुधा सगळ्यात हलक्या प्रतीची असते. ६४ किंवा १२८ जीबीची 'ईएमएमसी' साठवण दिसली तर ते यंत्र परत ठेवावे. ती बोर्डावर कायमची जोडलेली असते आणि ६४ जीबीत विंडोज व त्याचे अपडेट बसवतानाच जागा संपते.

'एआय लॅपटॉप' या शिक्क्याबद्दल थोडक्यात. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'कोपायलट प्लस पीसी' ही संकल्पना आणली. त्यासाठी सेकंदाला किमान ४० लाख कोटी क्रिया करणारा एनपीयू नावाचा भाग आणि १६ जीबी रॅम लागते. पत्राचा मसुदा, भाषांतर, चित्र यांसाठी लोक आज जे एआय वापरतात ते बहुतांशी दूरच्या सर्व्हरवर चालते, ते साध्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्येही तसेच चालेल. या शिक्क्यासाठी जास्त पैसे देण्याचे कारण मला आज दिसत नाही.

रॅम आणि एसएसडी या बदलता येणाऱ्या गोष्टी, तरी रॅमबाबत एक प्रश्न घेण्याआधीच विचारायचा: स्लॉट किती, आणि रिकामे किती? बहुतेक पातळ लॅपटॉपांत आणि कमी वीज खाणाऱ्या एलपीडीडीआर प्रकारात रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते, ती कधीच वाढत नाही. पुष्कळ मधल्या किमतीच्या मॉडेलांत ८ जीबी सोल्डर आणि एक स्लॉट रिकामा अशी सोय असते, ती चांगली. ८ जीबीवर ब्राउझर, टॅली आणि बैठक एकाच वेळी चालवताना यंत्र अडखळू लागते, १६ जीबीवर पाच-सहा वर्षे निभावतील. पूर्वी मी बेधडक सांगितले असते की ८ घ्या आणि नंतर वाढवा. पण २०२५ च्या उत्तरार्धापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपचा मोठा वाटा खेचून घेतला आणि रॅमचे भाव चढले. त्यामुळे दुकानात सुट्या रॅमचा भाव विचारूनच ठरवावे. १६ जीबीच्या मॉडेलची जादा किंमत त्यापेक्षा कमी असेल तर तेव्हाच घेऊन टाकावे. सोल्डर रॅमचे यंत्र असेल तर १६ पेक्षा कमी घेऊच नये.

एसएसडीच्या जाहिरातीतला सेकंदाला साडेतीन हजार किंवा सात हजार एमबीचा आकडा रोजच्या कामात दिसत नाही. खरा बदल फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरून कोणत्याही एसएसडीवर येताना होतो. तबकडीला लहान लहान फायली शोधताना प्रत्येक वेळी डोके हलवावे लागते आणि तिथे वेग सेकंदाला एक एमबीच्याही खाली जातो. सुरू होण्यात काही मिनिटे घालवणारा जुना लॅपटॉप एसएसडी लावल्यावर अर्ध्या मिनिटात उभा राहतो. ५१२ जीबी बहुतेकांना पुरते.

बॅटरीसाठी तासांचा दावा वाचू नये, वॉट-तास वाचावेत. कंपनीचे 'बारा तास' मंद उजेडात सलग व्हिडिओ चालवून काढलेले असतात. साध्या कामात लॅपटॉप साधारण ८ वॉट घेतो. ४२ वॉट-तासांची बॅटरी असेल तर ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच तास, ५७ असेल तर सात. लिथियम बॅटरीला दोन गोष्टी लवकर म्हाताऱ्या करतात: उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेली अवस्था. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप ठेवू नये आणि टेबलावर कायम चार्जर लावून काम करणाऱ्याने चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय सुरू करावी. लेनोवो, डेल, एचपी, असूस या सगळ्यांच्या पुष्कळ मॉडेलांत ती असते.

पोर्ट हा रुक्ष विषय वाटतो, पण कामाच्या दिवशी तोच अडवतो. वकील, सीए आणि ई-निविदा भरणारे कंत्राटदार यांचा डिजिटल सहीचा टोकन जुन्या चौकोनी यूएसबी-ए पोर्टात बसतो. शाळेच्या प्रोजेक्टरला एचडीएमआय लागते. हे दोन्ही यंत्रावरच असावेत. चार्जिंग टाइप-सी वरून होत असेल तर फार सोय होते. चार्जर विसरला तरी पुरेशा वॉटचा दुसरा चालतो आणि पाच वर्षांनी जुनी पिन शोधत बाजार पालथा घालावा लागत नाही. धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटते अशी तक्रार आपल्याकडे बरीच ऐकू येते. चार्जरमधल्या फिल्टरमधून अगदी थोडा प्रवाह गळतो आणि घरात अर्थिंग नसेल किंवा तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटात घुसवला असेल तर त्याला जमिनीकडे जायला वाट राहत नाही. यंत्र बदलून हे जात नाही, वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे.

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याने सांगायचे आहे ते वापरलेल्या व्यावसायिक लॅपटॉपांबद्दल. लेनोवोची थिंकपॅड टी मालिका, डेलची लॅटिट्यूड, एचपीची एलिटबुक ही यंत्रे मोठ्या कंपन्या शेकड्यांनी घेतात, तीन-चार वर्षे वापरतात आणि मग एकगठ्ठा काढून टाकतात. नवी असताना ती लाखाच्या घरात असतात. ती घेणारा आयटी विभाग असतो. त्याला चिंता असते ती यंत्र किती लवकर दुरुस्त होईल याची, म्हणून ती उघडायला सोपी असतात, भाग वर्षानुवर्षे मिळतात आणि दुरुस्तीची पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर कोणालाही उघडी असते. २०१८ चा थिंकपॅड टी४८० घ्या. रॅमचे दोन स्लॉट, एक बॅटरी आत आणि दुसरी बाहेरून चालू यंत्रात बदलता येणारी, कळफलक आजच्या बहुतेक नव्या यंत्रांपेक्षा सरस. त्याच वर्षीचे लॅटिट्यूड ७४९० आणि एलिटबुक ८४० जी५ हेही दोन रॅम स्लॉटचे. ही यंत्रे आज नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा कितीतरी कमी किमतीत मिळतात, आणि न बदलणाऱ्या पुष्कळ गोष्टींत त्याच्या पुढे असतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, बेंगळुरूत एस. पी. रोड हे याचे जुने बाजार. आता हमी देऊन ऑनलाइन विकणारेही आहेत.

आठव्या पिढीच्या खाली मात्र उतरू नये. त्याला दोन कारणे आहेत आणि योगायोगाने दोन्ही एकाच ठिकाणी येतात. २०१७ मध्ये आलेल्या या पिढीपासून 'यू' वर्गाच्या आय५ मध्ये दोनाचे चार कोअर झाले. आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालते, अगदी थोडे अपवाद सोडले तर. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे बाजारात फार स्वस्त झाली आहेत आणि दुकानदार ती 'आय५, १६ जीबी' म्हणून पुढे करतो. बँक आणि सरकारी कामे करणाऱ्याने सुरक्षेचे अपडेट न मिळणारे यंत्र घेऊ नये.

वापरलेले यंत्र घेताना तपासणी दुकानाच्या काउंटरवरच करायची, घरी आल्यावर नाही. पहिली गोष्ट कुलूप. पुष्कळ कंपन्यांची यंत्रे त्यांच्या नावावर दूरस्थपणे नोंदलेली असतात. नोंद काढायची राहिली असेल तर विंडोज रिसेट करून वाय-फाय जोडताच पडद्यावर त्या कंपनीचे नाव येते आणि तिथल्या कर्मचाऱ्याचा पासवर्ड मागितला जातो. म्हणून रिसेट करून, इंटरनेट जोडून दाखवा, असा आग्रह धरावा. बायॉसमध्ये शिरून तिथे पासवर्ड नाही याची खात्री करावी. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड विसरला गेला असेल तर तो सहजासहजी काढता येत नाही. बॅकग्राउंड पांढरे करून पडद्यावर डाग पाहावेत, झाकण हळूहळू उघडून बिजागरीचा आवाज ऐकावा, प्रत्येक पोर्टात पेन ड्राइव्ह लावावा. टी४८० घेत असाल तर पडदा फुल एचडी आहे ना ते विचारा, कारण त्याचे १३६६ बाय ७६८ पडद्याचेही प्रकार होते. त्या काळातल्या थिंकपॅडच्या टाइप-सी पोर्टात फर्मवेअरचा दोष होता, लेनोवोने त्यासाठी अपडेट काढले. ते घातले आहे का हेही पाहून घ्यावे. आत डोकावणे शक्य असेल तर सोल्डर रॅमची मॉडेले ओळखा: थिंकपॅड एक्स१ कार्बन दिसायला देखणा आहे, पण त्याची रॅम कधीच वाढत नाही.

बॅटरीची प्रकृती विंडोज स्वतःच सांगते. बॅटरी रिपोर्ट काढला की मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता शेजारी शेजारी दिसतात. मूळ ४८ आणि आज ३० असेल तर किमतीतून नव्या बॅटरीचे पैसे वजा करून मागावेत. दुकानदारालाही हा हिशेब माहीत असतो. बिल जीएसटीचे घ्यावे आणि त्यावर यंत्राचा अनुक्रमांक व हमीचे महिने लिहून घ्यावेत.

वापरलेले यंत्र सगळ्यांना मानवेल असे मी म्हणत नाही. ज्या गावात दुरुस्ती करणारा पन्नास-साठ किलोमीटरवर आहे, तिथे कंपनीचा माणूस घरी येण्याची हमी असलेले नवे यंत्र घेण्यात शहाणपण आहे. दिवसभर बॅटरीवर फिरणाऱ्या माणसालाही नवे बरे. त्यांनी बाराव्या पिढीचा आय३ किंवा आय५, अथवा रायझन ७५३०यू, फुल एचडी आयपीएस पडदा, रॅमचा एक तरी स्लॉट आणि 'ऑनसाइट' हमी एवढे पाहावे. हमी 'कॅरी-इन' असेल तर यंत्र घेऊन केंद्रावर जायचे आणि परत आणायलाही जायचे, तो खर्च किमतीत धरावा. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. नोंदणीकृत व्यावसायिकाने व्यवसायाच्या नावाने बिल घेतले तर पन्नास हजारांच्या बिलातले सुमारे ७,६०० रुपये इनपुट क्रेडिट म्हणून मिळू शकतात. ही सवलत कोणत्याही सेलपेक्षा भरवशाची आहे. सोबत 'ऑफिस होम अँड स्टुडंट' आले असेल तर ते घरगुती वापरासाठी असते, धंद्यासाठी नाही. कचेरीत ते वापरण्यापेक्षा लिबरऑफिस वापरावे. ते मोफत आहे आणि मराठी नीट हाताळते.

मॅकबुक एअरबद्दल हमखास विचारले जाते. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या एम१ चिपनंतर पंखा नसलेले, कमी तापणारे आणि बॅटरीवर बराच वेळ चालणारे ते यंत्र आहे, त्याचा पडदाही सुंदर. पण रॅम आणि साठवण दोन्ही जन्मभरासाठी ठरलेली, यूएसबी-ए पोर्ट नाही, टॅली आणि पुष्कळ सरकारी सॉफ्टवेअर विंडोज गृहीत धरून बनवलेले. लेखक, अनुवादक, पत्रकार यांनी बेशक घ्यावे, फक्त १६ जीबीचे. हिशेब आणि निविदांचे काम असेल तर घेऊ नये.

आणि हे सगळे करण्याआधी एकदा घरातला जुना लॅपटॉप बाहेर काढा. त्याच्यावरचा पिढीचा आकडा वाचा, तळाचे स्क्रू काढून आत तबकडीची डिस्क आहे का, रॅमचा स्लॉट रिकामा आहे का ते पाहा किंवा जाणकाराला दाखवा. आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल आणि पडदा चांगला असेल तर एसएसडी, रॅम आणि नवी बॅटरी घालून तो आणखी तीन-चार वर्षे सहज काम देईल. त्याहून जुना असेल तर त्यावर लिनक्स मिंट बसवून घरातल्या मुलाला वाचायला-लिहायला देता येतो. अगदीच निकामी निघाला तर भंगारवाल्याला देऊ नका. डिस्क काढून घ्या आणि यंत्र नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे पोहोचवा.